पिरिऑडिक टेबल पाठ होत नाही, म्हणजे स्मरणशक्ती कमी आहे का?

पेडणे तालुक्यातली एक आई अकरावीतल्या मुलीला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) "मॅडम, बायला पिरिऑडिक टेबल पाठच होत नाही. रात्री बारापर्यंत बसते नि सकाळी सगळं विसरते. स्मरणशक्तीचं एखादं टॉनिक सुरू करू का?" परीक्षा जवळ आली की हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. मुलगी मान खाली घालून बसली होती.

झोप, जेवण, इतर विषय यांची चौकशी केली. कविता तिला तोंडपाठ होत्या. घरच्या मिठागरात कोणाला किती पोती गेली, हेही तीच सांगायची. अशा मुलीची स्मरणशक्ती कमी आहे, असं मला मुळीच वाटलं नाही.

मग वही बघितली. पिरिऑडिक टेबलमधल्या, म्हणजे आवर्त सारणीतल्या, 118 मूलद्रव्यांची नावं क्रमांकासह एकाखाली एक लिहिलेली, तीन रंगांच्या शाईत. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत तिने घडाघड म्हणून दाखवलं. मी विचारलं, "सोडियमच्या खाली कोण?" ती बोटांवर पुन्हा हायड्रोजनपासून मोजू लागली. यादी पाठ होती, पण सारणी तिने कधी वाचलीच नव्हती. गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. त्या बदलात अनेकांची प्रश्न विचारायची सवय सुटते आणि घोकंपट्टी तेवढी उरते. हिचं तसंच झालं होतं.

माझी पदवी रसायनशास्त्रातली, त्यामुळे कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. पहिल्या वीस मूलद्रव्यांचे इलेक्ट्रॉन कवचांत, म्हणजे अणुकेंद्राभोवतीच्या थरांत, भरायचे: पहिल्यात 2, दुसऱ्यात 8, तिसऱ्यात 8, उरलेले चौथ्यात. लिथियम 2, 1. सोडियम 2, 8, 1. पोटॅशियम 2, 8, 8, 1. "शेवटचा आकडा सारखा असेल, त्यांना एकाखाली एक लिही." उभे रकाने तयार होऊ लागले. मध्येच ती थांबली. "मॅडम, हेलियमचे शेवटी 2. मग तो बेरिलियमच्या वर का नाही?" तिने स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न, आणि फार चांगला प्रश्न. पहिल्या कवचात दोनच मावतात, म्हणून हेलियमचं कवच भरलेलं. तो निऑन, अरगॉनसारखाच कोणाशी सहसा संयोग करत नाही, म्हणून त्यांच्या रकान्यात. मग सोडियमचा शेवटचा एक इलेक्ट्रॉन शेवटच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असलेल्या क्लोरीनकडे जातो, हे तिनेच सांगितलं आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, आपलं मीठ!"

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869 मध्ये सारणी मांडली, तेव्हा जेमतेम 63 मूलद्रव्यं माहीत होती आणि इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. त्याने अणुभार आणि गुणधर्म जुळवत काही जागा रिकाम्या सोडल्या. ॲल्युमिनियमच्या खालच्या जागी अणुभार 68 च्या आसपास असलेलं मूलद्रव्य सापडेल असं सांगितलं. 1875 मध्ये गॅलियम सापडलं, अणुभार जवळजवळ 70. हे ऐकताना तिचे डोळे चमकले. सगळं माहीत नसतानाही मांडणी करता येते, याचा तिला फार आधार वाटला.

आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. टॉनिक नको, आणि वडिलांनी जेवताना उलटतपासणी घेणं बंद करावं. घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही. रोजच्या साध्या गोष्टी विसरणं, झोप उडणं, जेवण तुटणं असं असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. नावं लक्षात ठेवायच्या गाण्यांना, वाक्यांना माझा विरोध नाही. रकाने समजल्यावर ती कामाला येतात, आधी नाही.

संक्रमण मूलद्रव्यं, म्हणजे सारणीच्या मधल्या भागातली, तिला अजून जड जातात. क्रोमियम आणि तांब्यात इलेक्ट्रॉनची मांडणी नेहमीचा क्रम मोडते, तिथे ती अडली आहे. त्यासाठी तिने शाळेतल्या सरांकडे स्वतः जाऊन वेळ मागितला आहे.