वाचकांचे प्रश्न : सात नावे, पण थडगे एकही नाही

प्रश्न : मुलाच्या नोकरीनिमित्त गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे इंग्लंडमध्ये लिंकनशरला राहून आलो. तेथील एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात एक साधा दगड आहे. डिसेंबर 1943 मध्ये गावाच्या शिवारात कोसळलेल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानातील सात जणांची नावे, वये आणि विमानातील कामे त्यावर कोरली आहेत. दोघे कॅनडाचे, एक ऑस्ट्रेलियाचा. आवारात मात्र त्यांच्यापैकी कोणाचेही थडगे नाही. ज्यांचा गावाशी काही संबंध नव्हता आणि जे तेथे पुरलेलेही नाहीत, त्यांचा दगड गावाने का उभारावा? याला आपल्याकडचा वीरगळ म्हणता येईल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : थडगे का नाही, हे आधी पाहू, कारण दगड का आहे याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरींची व्यवस्था 1917 साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनकडे होती. 1960 पासून तिच्या नावात ‘इम्पीरियल’ऐवजी ‘कॉमनवेल्थ’ आले. परदेशात पडलेल्या सैनिकाचा देह मायदेशी आणायचा नाही, हा त्या काळचा दंडक होता. त्यामुळे जर्मनीत किंवा हॉलंडमध्ये कोसळलेल्या विमानातील माणसे बहुधा एकाच ओळीत पुरली गेली आणि देह वेगवेगळे ओळखता आले नाहीत तर एकाच कबरीत विसावली. ब्रिटनच्या भूमीवर मृत्यू आला तर मात्र ब्रिटिश कुटुंबाला आपल्या माणसाचा देह गावी नेता येत असे. म्हणजे सातांपैकी कोणी स्कॉटलंडला जाई, कोणी वेल्सला, कोणी लंडनच्या उपनगरात; आणि ज्यांची घरे समुद्रापार होती त्या कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या मुलांना हवाई दलासाठी राखलेल्या एखाद्या मोठ्या स्मशानभूमीत जागा मिळे. यॉर्कशरमधील हॅरोगेटजवळची स्टोनफॉल ही तशीच भूमी असून तेथील दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारे एक हजार कबरींपैकी निम्म्याहून अधिक कॅनडाच्या हवाई दलातील माणसांच्या आहेत. शत्रूच्या मुलखात मेलेले एकत्र राहिले आणि तळापासून काही मैलांवर येऊन मेलेले पांगले, असा हा उलटा प्रकार आहे.

हे पांगणे सलते, ते त्या सातांचे एकमेकांशी नाते कसे जुळले होते हे कळल्यावर. ब्रिटिश हवाई दलाने इतर सगळ्या गोष्टी हुकमाने केल्या, पण बॉम्बफेकी विमानांचे चमू बहुधा हुकमाने बांधले नाहीत. प्रशिक्षण केंद्रावर वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्बफेके, वायरलेस ऑपरेटर आणि गनर यांना एका मोठ्या हँगरमध्ये एकत्र सोडत आणि आपापसांत जुळवून घ्या म्हणून सांगत. फ्लाइट इंजिनिअर आणि दुसरा गनर पुढच्या टप्प्यावर, चार इंजिनांच्या जड विमानांचे शिक्षण सुरू होताना, त्यांना येऊन मिळत. कॅनडाचा मुलगा यॉर्कशरच्या मुलाशेजारी बसला तो असा. नियम तीस मोहिमांचा होता. त्या पुऱ्या झाल्या की काही काळ सुटका. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाच्या, सुमारे 1,25,000 उड्डाण-सैनिकांपैकी 55,573 मारले गेले, यावरून तीस हा आकडा किती लांबचा होता ते कळावे. कबरींच्या नोंदी या माणसांना कबरीनुसार आणि देशानुसार वेगवेगळ्या पानांवर ठेवतात. ज्या सात जणांनी एकमेकांना निवडले आणि जे एकाच क्षणी गेले, ते सात एका ठिकाणी वाचायला मिळतात ते, हवाई दलाच्या रोजच्या नोंदवह्या सोडल्या तर, केवळ ज्या गावात विमान पडले तेथील दगडावर. माझ्या मते गावाने तो उभारण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.

आपण नेमकी तारीख दिलेली नाही, पण डिसेंबर 1943 म्हटले की 16 तारखेची रात्र आठवते. बर्लिनवरील त्या मोहिमेत 25 लँकेस्टर परतलीच नाहीत. जी परतली त्यांना आपल्या तळांवर इतके खाली उतरलेले ढग भेटले की आणखी 29 एक तर कोसळली किंवा चमूने हवाई छत्रीने उड्या घेऊन ती सोडून दिली. शत्रूपेक्षा घरच्या हवामानाने अधिक विमाने घेतली. याखेरीज शिकाऊ चमू जुन्या, झिजलेल्या विमानांवर शिकत असत, आणि त्या अपघातांतही हजारो गेले. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत असे दगड इतके का, याचे कारण हे आहे.

वीरगळाशी तुलना मला अर्धीच पटते. वीरगळ गावच्या माणसाचा असतो : गुरे सोडवताना, शीव राखताना पडलेल्याचा. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, त्याहून वर शिवपूजा हे सगळे त्यावर असते, पण नाव बहुधा नसते, कारण तो कोण होता हे गावाला सांगावे लागत नव्हते. लिंकनशरच्या दगडावर चित्र नाही आणि नाव, वय, काम सर्व आहे, कारण ती माणसे परकी होती. पहिल्या महायुद्धानंतर सातारा-रत्नागिरीकडील गावांत इंग्रज सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आपण पाहिल्या असतील. या गावातून इतकी माणसे लढाईला गेली, त्यांपैकी इतकी कामी आली, एवढाच हिशेब त्यांवर आहे. गावच्या माणसांची नावे गाळून संख्या तेवढी लिहिण्याची ती पद्धत मला आजही खटकते.

मेलेले सगळे परकेच असत असेही नाही. लँकेशरमधील फ्रेकल्टन या खेड्यावर 23 ऑगस्ट 1944 रोजी वादळात सापडलेले अमेरिकी लिबरेटर विमान कोसळले. चर्चच्या शाळेतील लहान मुलांचा वर्ग आगीत सापडला. एकूण 61 माणसे गेली, त्यांत 38 मुले होती. तेथील होली ट्रिनिटी चर्चच्या आवारातील सामुदायिक कबर आणि स्मारक गावाचे स्वतःचे आहे. पुढच्याच वर्षी जवळच्या तळावरील अमेरिकी सैनिकांनी मुलांसाठी तेथे खेळाचे मैदान बांधून दिले. याउलट यॉर्कशरमधील बकडन पाइक या डोंगरावरील क्रूस वाचलेल्या एकट्याने उभारला आहे. जानेवारी 1942 मध्ये बर्फाच्या वादळात तेथे पोलिश चमूचे वेलिंग्टन विमान आपटले, पाच जण गेले, आणि सहावा बर्फातील कोल्ह्याच्या पावलांमागे सरपटत खाली वस्तीपर्यंत पोहोचला. त्या क्रुसाच्या पायथ्याशी कोल्ह्याचे ब्राँझचे मुंडके बसवलेले आहे.

प्रश्न : त्याच शिवारात नातवाला ॲल्युमिनियमचा एक वाकलेला तुकडा सापडला. तो विमानाचा असावा असे शेतकरी म्हणाला. मुलाच्या घरी तो ठेवला आहे. पुढच्या वेळी पुण्याला आणावा काय?
— तेच वाचक

उत्तर : आणू नये. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्याने लष्करी सेवेत असताना कोसळलेल्या प्रत्येक विमानाच्या अवशेषांना आपोआप संरक्षण मिळते, मग ते विमान ब्रिटिश असो वा जर्मन. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय ते उकरणे किंवा हलवणे हा गुन्हा आहे. आणि मानवी अवशेष किंवा न फुटलेला दारूगोळा असण्याचा संभव असेल तेथे परवाना सहसा दिला जात नाही. लिंकनशरच्या दलदलीच्या जमिनीत चार इंजिनांचे विमान किती खोल रुतत असेल, याचा विचार केला तर हा कडकपणा योग्यच वाटतो. मुलाने तुकडा शेतकऱ्याला परत करून मंत्रालयाला कळवावे.

चर्चच्या आवारात दगड बसवणेही गावाच्या लहरीवर नसते. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात स्मारक उभारण्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते आणि दगडाचा प्रकार, आकार, अक्षरे हे सगळे तेथे तपासले जाते. ‘पॅरिश कौन्सिल’ ही संस्था यापासून वेगळी, जवळजवळ आपल्या ग्रामपंचायतीसारखी आहे. तिचा संबंध गावाच्या हिरवळीवर किंवा रस्त्याकडेला दगड लावायचा झाल्यास येतो.

प्रश्न : या विमानांनी जर्मन शहरे बेचिराख केली. त्यांतील माणसांचे स्मारक देवळात असावे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हा प्रश्न ब्रिटनलाही पडला होता. हँबुर्ग आणि ड्रेस्डेन येथील नागरिकांच्या मृत्यूंमुळे बॉम्बर कमांडचे लंडनमधील राष्ट्रीय स्मारक रखडले आणि ग्रीन पार्कमध्ये 2012 साली, म्हणजे युद्ध संपून 67 वर्षांनी, उभे राहिले. आणि त्यावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेही स्मरण केलेले आहे. गावातील दगड त्या धोरणावर निवाडा देत नाही. वीस-बावीस वर्षांची ही मुले कोठे पडली एवढेच तो सांगतो, आणि तेवढ्यासाठी चर्चचे आवार मला अयोग्य वाटत नाही.

प्रश्न : सात नावांचा पुढचा माग पुण्यातून कसा काढावा? खडकीत अशी काही नोंद मिळेल का?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातील 1,668 कबरी आहेत, पण त्या भारतात मेलेल्यांच्या; लिंकनशरच्या चमूतील कोणी तेथे सापडणार नाही. मात्र तीही भूमी त्याच कमिशनची असल्याने शोधाचे साधन एकच आहे. कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव आणि मृत्यूची तारीख दिली की दफनाची जागा विनामूल्य कळते. सातही नावे एकाच तारखेने शोधावीत. ज्याची कबरच नाही त्याचे नाव लंडनजवळील रनीमीड येथील हवाई दल स्मारकावर, वीस हजारांहून अधिक नावांत, मिळेल. कमिशनच्या संकेतस्थळावर नोंदवलेला स्क्वाड्रनचा, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीचा, क्रमांक घेऊन लंडनच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमधील एआयआर 27 या मालिकेत पाहावे. त्यांत त्या स्क्वाड्रनची रोजची नोंदवही असते : कोणते विमान किती वाजता उडाले, आत कोण कोण होते आणि परतीच्या रकान्यात काय लिहिले गेले.