बाईंना विचारा : मूळचे कोण आणि आलेले कोण?

प्रश्न : बाई, नमस्कार. नातवाने मोबाइलवर सैबेरियातल्या बैकल सरोवराकाठच्या एका गावाची चित्रफीत दाखवली. एका घरात गोरे रशियन, शेजारच्या घरात मंगोली तोंडवळ्याची माणसं. त्यांना म्हणे बुर्यात म्हणतात. यातले मूळचे कोण आणि आलेले कोण? शिवाय एवढं पाणी थंडीत गोठतं, तर मासेमारीवाले करतात काय? आमच्याकडे निकितीन या जुन्या रशियन प्रवाशाचं स्मारक आहे, म्हणून रशियाचं कुतूहल.
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : निकितीन तुमच्या चौलला उतरला त्याला साडेपाचशे वर्षं झाली. बैकल नावाचं काही आहे हे तेव्हा रशियनांना ठाऊकही नव्हतं. त्यांचे कोसॅक शिपाई तिथे पोचले १६४३ साली, सेबलच्या मागे. सेबल म्हणजे मुंगसासारखा एक प्राणी. त्याची कातडी कर म्हणून वसूल करायचे, त्या कराला ‘यसाक’ म्हणत.

म्हणजे बुर्यात मूळचे आणि रशियन आलेले, असंच मीही वर्गात तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर २०१२च्या फेब्रुवारीत तिकडे गेले. सेलेंगा नदी बैकलला मिळते तिथल्या एका गावात नऊ दिवस राहिले. घरधनीण बुर्यात, नवरा रशियन. दुसऱ्याच दिवशी तुमचा प्रश्न त्यांना विचारला. बाई हसायलाच लागली. म्हणाली, आमचे पूर्वज पलीकडच्या काठावरून आले! खरंच आहे ते. सेलेंगाच्या मुखाजवळचे हे कुदारा बुर्यात सतराव्या-अठराव्या शतकात बैकलच्या पश्चिम काठावरून इकडे सरकले. जवळच पोसोल्स्कला रशियनांचा मठ उभा राहिला १६८१ साली. दोघेही साधारण एकाच काळातले. आणि त्यांच्याआधी तिथे एवेंकी लोक हिंडत होते, त्यांना कोणी विचारलं होतं का? तुम्ही कुंडलिकेपलीकडे कोर्लईला जा, तिथे पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलतात. त्यांना ‘आलेले’ म्हणून बघा काय उत्तर मिळतं.

त्या गावाजवळ एक मोठा उपसागर आहे, नाव ‘प्रोवाल’. रशियनमध्ये त्याचा अर्थ खचणं. १८६२च्या जानेवारीत (त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १८६१च्या शेवटच्या दिवशी) भूकंप झाला आणि सुमारे दोनशे चौरस किलोमीटर माळरान खाली गेलं. त्यावर बुर्यातांच्या वाड्या होत्या, गुरं होती, गवताच्या गंजी होत्या. भर थंडीत बैकलचं पाणी आत शिरलं. घरधन्याने मला काठावर नेऊन नुसता हात लांब केला. समोर सपाट पांढरं बर्फ, दुसरं काही नाही. आम्हा अंजर्ल्याच्या माणसांना समुद्र जमीन खातो हे नवीन नाही, पण तो वर्षाला थोडी थोडी खातो. एका फटक्यात एवढी?

घरातल्या पेटीत पणजीची पत्रं होती, उभ्या मंगोल लिपीत. वाचणारं कोणी नाही. १९३१च्या सुमारास सरकारने बुर्यात भाषेला रोमन लिपी दिली, १९३९ला ती काढून रशियन दिली. दहा वर्षांत तीन लिप्या! आपल्याकडे खोतांच्या दप्तरातली मोडी अशीच पडून आहे, पण ती निदान सावकाश गेली. त्याच वर्षांत बुर्यातांच्या बौद्ध लामांना पकडलं, त्यांचे मठ बंद केले. १९४५ला बुर्यातांची राजधानी उलान-उदेजवळ इवोल्गिन्स्कचा मठ उघडायला परवानगी मिळाली. घरच्या मुली आता रशियनच बोलतात. आजीशीसुद्धा.

पण एक गोष्ट उलट दिशेने गेली. बसचा ड्रायव्हर रशियन, गळ्यात क्रूस. घाटमाथ्यावर गाडी थांबवून उतरला. झाडाला रंगीत चिंध्या बांधलेल्या होत्या. त्याने बाटलीत अनामिका बुडवून वोदकाचे थेंब चार दिशांना उडवले. जागेचा धनी असतो, बुर्यात त्याला ‘एझेन’ म्हणतात. त्याला दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. बुर्यात भाषेत देवाला ‘बुरखान’ म्हणतात, त्यावरून रशियनांनी ‘बुरखानित’ असं क्रियापदच करून टाकलंय. मला त्यात काही परकं वाटलं नाही. आपला राखणदार आणि त्याला घातलेलं गाऱ्हाणं दुसरं काय असतं? मीही पाव तुकडा ठेवला.

आता मासेमारी. बर्फ जवळजवळ मीटरभर जाड, त्यावरून गाड्या जातात. (गाडीत बसल्यावर सीटबेल्ट सोडायला सांगतात, बर्फ फुटलं तर उडी मारता यावी म्हणून. मी सगळा रस्ता दाराच्या मुठीला धरून होते.) एका रांगेत ठरावीक अंतरावर भोकं पाडतात. पहिल्या भोकातून लांब लाकडी काठी बर्फाखाली सोडतात, तिला दोरी बांधलेली. पुढच्या भोकातून आकड्याने तिला अजून पुढे ढकलतात. शेवटच्या भोकातून दोरी बाहेर आली की तिच्यामागे जाळं ओढून घ्यायचं. वर आलेला मासा दोन मिनिटांत लाकडासारखा कडक होतो. बर्फाची पेटी लागतच नाही! मासा मुख्यतः ओमुल, चवीला मऊ. २०१७च्या ऑक्टोबरपासून मात्र त्याची धंद्यासाठीची पकड बंद केली, मासा फार घटला म्हणून. आपली पावसाळी बंदी एकसष्ट दिवसांची, तर आपल्याकडे किती आरडाओरडा होतो. त्यांची बंदी दोन-चार महिन्यांची नव्हे. मला मासा खिलवणारं ते घर आता कशावर चालत असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बुर्यातांचे ‘बूझ’ म्हणजे मटणाचे उकडीचे मोदकच, फक्त पारी कणकेची आणि वर तोंड उघडं. मी मासे खाते, मटण नाही. त्यामुळे माझ्यासाठी बटाट्याचे केले. पारी हातात घेतली आणि कळ्या पाडायला लागले, तशी घरधनीण काम सोडून बघत राहिली. मग बोट लावून मोजल्या. एकवीस भरल्या. ‘अजून बारा,’ म्हणाली. त्यांच्यात तेहतीस लागतात.