कॅल्क्युलेटरचं कीपॅड उघडताय? आधी हे वाचा

अरे भिया, बटन चालत नाही म्हणून लगेच इंदूरच्या महाराणी रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नवा कॅल्क्युलेटर घ्यायला पळू नकोस. आधी स्क्रू काढून बघ, आत सिलिकॉन रबराची एकच शीट असते, प्रत्येक बटनाखाली छोटा घुमट आणि त्याला काळी कार्बनची टिकली, ती दाबली की बोर्डावरच्या दोन पट्ट्या जोडते, बस एवढंच! चाळीस बटनांना चाळीस वायरी नसतात, ५ आडव्या नि ८ उभ्या अशा १३ लाइनींत काम होतं, त्या जिथे छेदतात तिथे एकेक बटन. टिकली आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकीच पूस, घासू नको, कार्बन निघून येतो (मी एकदा घालवलाय). डिस्प्लेची चिकटवलेली पट्टी मात्र ओढायची नाही हं. आणि स्वतःचं कीपॅड बनवायचं म्हणशील तर रबर स्वस्तच, खरा खर्च साच्याचा, तो हजारो पिसांवर वाटला तरच परवडतो, एकदोन नगांसाठी सरळ टॅक्ट स्विच (बोर्डावर बसणारं छोटं तयार बटन) लाव.