शाळेत नाटक घेतल्याने मुलांमध्ये खरंच काही बदलतं का?

तुम्ही विचारलंय की आठवीच्या वर्गात नाटकाचा वापर केला तर मुलांत आणि गावात काही बदल होतो का, आणि सुरुवात कशी करायची. बदल होतो. गॅदरिंगच्या नाटकाने मात्र होत नाही. पाठ केलेली वाक्यं, भाड्याचे ड्रेस आणि शेवटी 'मुलगी शिकवा'ची घोषणा, यातून मुलांची भीड चेपते. तेवढंच.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर आठवी-नववीतल्या पोरींची लग्नं उरकतात. मुलीचं वय 18 हवं, 2006 चा कायदा आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माहितीचे फलक लावून काही होत नाही ते यामुळेच.

यावर मी वर्गात एक प्रवेश घेतला. लिहिलेले संवाद नाहीत. बाप, आई, आजी, मामा आणि मुलगी. मामा स्थळ घेऊन येतो, मुलगी नाही म्हणते, बाप चिडतो, तारीख ठरते. तिथेच थांबायचं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं की त्याने "थांबा" म्हणून एखाद्या पात्राची जागा घ्यायची. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचं हे फोरम थिएटर. बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत ते करते आहे.

पहिला एक हुशार मुलगा उठला, मुलीच्या जागी उभा राहिला आणि म्हणाला, "हा गुन्हा आहे. मी 1098 ला फोन करीन." (ही मुलांसाठीची मदतवाहिनी.) बापाचं काम करणाऱ्या मुलाचे आईवडील दर वर्षी तोडीला जातात. तो आवाज न चढवता म्हणाला, "कर फोन. सहा महिने आम्ही तिकडं, तू हितं एकटी. रातच्याला दारात कुणी आलं तर मी फडातून पळत येऊ का?" सगळा वर्ग गप्प. फोनवाला मुलगा जागेवर जाऊन बसला.

मग एक मुलगी उठली, जी हजेरीलाही जेमतेम "हजर" म्हणते. तिने आजीची जागा घेतली. नातीची बाजू घेईल असं आम्हाला वाटलं, पण ती वळली मामाकडे. "तुझी पोरगी कितवीला हाय रे? तिचं कधी उरकतोस?" मामाला बोलता येईना. मग लेकाला म्हणाली, "मी हाय की हितं. मला रातचं दिसत न्हाई, पर शेजारच्या दोघी आणून झोपवते. तिघी असल्यावर कोण येतंय बघते."

कायदा सांगणाऱ्याला बापाचं भय दिसलं नव्हतं, तिला दिसलं. तोच प्रवेश पुढे पालकसभेत केला. तिथे एक आई स्वतः उठून आईच्या जागी उभी राहिली. त्या सभेत पहिल्यांदा कुणी तरी मोठ्याने विचारलं की पोरी सहा महिने राहतील कुठे. त्यानंतरच हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आली.

आमच्या तेव्हाच्या एका वरिष्ठांना हे मुळीच पटलं नाही. "शेवटी पोलीस दाखवा, लग्न मोडलेलं दाखवा, संदेश गेला पाहिजे." मी नाही म्हटलं, तर त्यांनी फुल्यांचा दाखला दिला: 'तृतीय रत्न'मध्ये संदेश आहेच की! आहेच. 1855 च्या त्या नाटकात जोशीबुवाच्या नादाने लुबाडलेलं कुणबी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. पण जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात तशी शाळा खरोखर चालवली होती. पात्रांना जायला जागा होती. आमच्या नाटकातल्या पोरीला ती नव्हती, मग पोलीस आणून कुणाची समजूत घालायची? पोलीस आला की बघणाऱ्याचं काम संपतं, तो टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन तारीख काढतो. इतक्या वर्षांनीही माझं मत तेच आहे.

सुरुवातीचं म्हणाल तर बाकं बाजूला सारा, गावात रोज दिसणारा एक पेच घ्या, प्रवेश पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि नंतर चर्चेला निदान तास ठेवा. पहिल्या वेळी मुलं हसतील, टिंगल करतील. चालू द्या.

एक राहिलं. जिच्या घरी खरंच स्थळ बघताहेत तिला मुलीचं काम देऊ नका, आणि वर्गात कुणी स्वतःचं काही बोलून गेलं तर ते गावभर होणार नाही हे तुम्ही बघायचं. एवढ्याने लग्नं थांबतात असंही मी म्हणत नाही. आमच्याकडे नंतरही झाली.

आणि तुमच्याकडे कुणी "यातून संदेश काय?" म्हणून अडवलं तर वाद घालू नका. पुढच्या प्रवेशात त्यांनाच बापाच्या जागी उभं करा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.