टेस्टोस्टेरॉन २४१ आलंय, इंजेक्शन सुरू करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३७, वजन ९६ किलो, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये संध्याकाळी चार वाजता दिलेल्या रक्तात टोटल टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २४१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. अंगात त्राण नाही, लैंगिक इच्छा कमी झालीय. जिममधले सर म्हणतात, "२५० मिलिग्रॅमचं दर आठवड्याला एक टोचून घ्या, महिन्याभरात माणूस बदलतो." आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता: मुलगी चार वर्षांची आहे, दुसऱ्याचा विचार चाललाय.

मी स्वतः सात वर्षं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतोय, त्यामुळे मी काही त्याच्या विरोधातला माणूस नाही. तरी तुम्हाला सांगेन, आत्ता नको. कारण त्या शेवटच्या ओळीतच आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच नावाची दोन हार्मोन सोडते आणि त्यांच्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पिट्यूटरीला वाटतं, रक्तात भरपूर आहे, आता कशाला? ती हुकूम देणं बंद करते. गावात रोज टँकर यायला लागला की विहिरीतला गाळ कोण काढतो, तसंच. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं, तेव्हा कुठे शुक्राणू तयार होतात. टोचलेलं औषध तिथवर त्या प्रमाणात पोचत नाही. म्हणजे रिपोर्टवर ७०० दिसतं आणि वीर्य तपासणीत शून्य.

ही माझी कल्पना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हेच इंजेक्शन वापरून पाहिलं होतं. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम. १९९० मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून जास्त पुरुषांचा शुक्राणूंचा काउंट शून्यावर. तुमचे सर २५० सांगतायत! बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. तेवढी वाट पाहायची तयारी तुमच्या घरी आहे का, हे दोघांनी बसून ठरवा. खरोखरच हार्मोन कमी निघालं आणि मूलही हवं असेल, तर डॉक्टरांकडे वेगळे मार्ग असतात: एलएचसारखं काम करणारी एचसीजीची इंजेक्शनं, लागल्यास सोबत एफएसएच, काहींना पिट्यूटरीला हुकूम वाढवायला लावणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळ्या. हे उपाय विहीर चालू ठेवतात.

आता माझं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालायला लागली. बायको म्हणाली, बरंय, ब्लेडचा खर्च वाचला. मग मोटरसायकलवर बाजूने येणारी गाडी दिसेनाशी झाली. दोनदा थोडक्यात वाचलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजरेचं क्षेत्र तपासलं आणि थेट एमआरआयला पाठवलं. पिट्यूटरीवर गाठ, डोळ्यांच्या नसांवर दाब. नाकातून ऑपरेशन झालं, नजर वाचली, पिट्यूटरी मात्र कायमची कामातून गेली. माझं टेस्टोस्टेरॉन तेव्हा ६२ होतं आणि एलएच जवळजवळ नाहीच. मला इंजेक्शन घ्यावं की नाही हा प्रश्नच नव्हता. विहिरीचा झराच आटलेला.

हे लांबण लावलं, कारण आकडा कमी का आहे हे कळल्याशिवाय सुई लावली असती तर माझी गाठ झाकली गेली असती. दाढी आली असती, हुरूप आला असता आणि डोळे गेले असते. तुम्हाला तसं काही असेल असं मी म्हणत नाही, शक्यता कमीच. पण एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचंच आणखी एक हार्मोन) न तपासता जो इंजेक्शन लिहून देतो, त्याच्याकडून मी तरी ते घेणार नाही. एलएच खूप वाढलेलं असेल तर दोष वृषणात; कमी किंवा 'नॉर्मल'च असेल तर वर पिट्यूटरीकडे पाहायचं, किंवा वजन, झोप, औषधं यांच्याकडे.

आणि तुमचा २४१. चार वाजता, जेवणानंतर, एकदाच. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरतं, जेवणानंतरही घसरतं. म्हणून तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा करायची असते. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने 'कमी' म्हणायची रेषा ३०० धरलीय, तिथल्याच एंडोक्रिनॉलॉजिस्टांच्या संघटनेने २६४. दोन तज्ज्ञ मंडळांत एवढं अंतर, म्हणजे २९० आणि ३१० मध्ये काही आभाळ-पाताळाचा फरक नाही. शिवाय वजन जास्त असलं की रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी हे प्रथिन कमी होतं. त्यामुळे टोटल आकडा पडतो, पण मोकळं, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. ९६ किलोच्या माणसाने एसएचबीजी तपासून घ्यायलाच हवं.

माझ्या साडूंचं सांगतो. एमआयडीसीत रात्रपाळी, पोट सुटलेलं, साखर काठावर, घोरणं इतकं की पोरं दुसऱ्या खोलीत झोपायची. त्यांचा आकडा २५५. मला म्हणाले, "दाजी, तुमच्या डॉक्टरांकडून मलाही एक लिहून आणा." मी त्यांना न्यायला नेलं, पण डॉक्टरांनी आधी झोपेची तपासणी करायला लावली. स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचं) मशीन लागलं, पाळी बदलून घेतली, दीड वर्षात चौदा किलो उतरवले. आकडा ३८० वर गेला, एकही सुई न लावता. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण तुमचं वर्णन माझ्यापेक्षा त्यांच्याशी जास्त जुळतंय.

'मग वजनही उतरवतो आणि इंजेक्शनही घेतो' असं वाटत असेल, तर त्यावर ऑस्ट्रेलियात मोठा अभ्यास झालाय. पन्नाशीपुढचे सुमारे हजार जाड पुरुष, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, सगळ्यांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम. निम्म्यांना वर लांब पल्ल्याचं इंजेक्शन, निम्म्यांना खोटं. दोन वर्षांनी मधुमेह इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के, इतरांत २१. चांगलाच फरक आहे, नाकारत नाही. पण त्याच अभ्यासात इंजेक्शनवाल्या २२ टक्के पुरुषांचं रक्त धोक्याच्या रेषेपलीकडे घट्ट झालं, दुसऱ्या गटात १ टक्का.

हे रक्त घट्ट होणं मी भोगलंय. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं, हा नियम. माझं दुसऱ्या वर्षी ५५ झालं. डोकं जड, चेहरा लाल, आणि लोक म्हणायचे तब्येत छान दिसतेय! डॉक्टरांनी डोस थांबवला, मग कमी केला. ठरावीक अंतराने ही तपासणी करत नाही असा कुणी जिममध्ये टोचून घेत असेल, तर तो स्वतःच्या मेंदूशी आणि हृदयाशी जुगार खेळतोय.

इंजेक्शनमध्येही प्रकार आहेत. मला सुरुवातीला एनॅन्थेट २५० मिलिग्रॅम तीन आठवड्यांतून एकदा होतं. तेलातलं औषध, कुल्ल्यात. पहिले चार-पाच दिवस घोड्यावर स्वार, पाठीवर पुटकुळ्या, वर्गात पोरांवर उगाच खेकसायचो. तिसऱ्या आठवड्यात फुगा फुटलेला. बायको कॅलेंडर न बघता सांगायची, "सुई जवळ आली वाटतं." हा चढउतार लहान डोस कमी अंतराने घेतला की सौम्य होतो. पुढे मी लांब पल्ल्याच्या अनडेकॅनोएट १००० मिलिग्रॅमवर गेलो: सुरुवातीचे दोन डोस सहा आठवड्यांच्या अंतराने, नंतर दहा ते चौदा आठवड्यांतून एकदा. चार मिली तेल, अगदी हळू टोचावं लागतं, त्या दिवशी मोटरसायकलवर बसवत नाही. क्वचित तेलाचा अंश फुप्फुसात जाऊन खोकला, धाप लागते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. सोय मोठी, पण काही बिघडलं तर औषध अंगातून काढून घेता येत नाही, ते आठवडेच्या आठवडे राहतं. कातडीवर लावायच्या टेस्टोस्टेरॉन जेलचं तसं नाही, आज थांबवलं की दोन-चार दिवसांत उतरतं. मात्र जेल रोज लावायचं आणि ते लेकराच्या अंगाला लागता कामा नये. तुमच्या घरी चार वर्षांची मुलगी आहे म्हणून सांगतो.

मिळालं काय? इच्छा महिन्याभरात परत आली, हिमोग्लोबिन सुधारलं, दाढीचा खर्च पुन्हा सुरू झाला. थकवा मात्र अर्धाच गेला. पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत जेल वापरून चाचण्या झाल्या, २०१६ मध्ये निकाल आले, त्यांतही तेच: लैंगिक बाबतीत मध्यम फायदा, मूडमध्ये थोडा, उत्साहात जवळपास नाहीच. केवळ थकव्यासाठी घेणाऱ्यांची निराशा होते, त्याचं मला नवल वाटत नाही.

हृदयाबद्दल लोक फार विचारतात. २०२३ मध्ये आलेल्या पाच हजारांवर पुरुषांच्या ट्रॅव्हर्स अभ्यासात हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक वाढला नाही, पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात गुठळी हे थोडं जास्त आढळलं. आणि तिथे जेल होतं, इंजेक्शन नव्हे, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा २५० च्या सुईला लावू नका. प्रोस्टेटसाठी पीएसएची (रक्तातली) तपासणी तुमच्या वयात मोठा मुद्दा नाही, चाळिशीपुढे डॉक्टर करतातच.

तर जिमच्या सरांना सध्या व्यायामापुरतंच ठेवा. तीन-चार रात्री नीट झोपून, सकाळी आठला, चहाही न घेता रक्त द्या: टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, साखर, हिमोग्राम. सोबत वीर्य तपासणी करून घ्या, दुसऱ्या मुलासाठी तोही आकडा लागेलच. दोन-तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन पुन्हा एकदा. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडतो का, हे मिसेसना विचारा. तुम्हाला स्वतःला ते कळणार नाही. हे सगळं घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आम्हाला अजून एक मूल हवंय. मी तिथे गेलो तेव्हा माझी दोन्ही मुलं हायस्कुलात होती, म्हणून माझा निर्णय सोपा होता.