वैद्यकीय शब्दांची मुळं कळली की ते शब्द लक्षात राहतात का? नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठी माध्यमाची, ॲनाटॉमी डोक्यात शिरत नाही.

राहतात. पण आधी माझं ऐका, कारण तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं.

1994 साल, जीएनएमचं (नर्सिंगच्या डिप्लोमाचं) पहिलं वर्ष, ॲनाटॉमीची तोंडी परीक्षा. टेबलावर डोळ्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल. बुबुळ कधीतरी निखळलेलं, कुणीतरी डिंकानं चिकटवलेलं, कडेनं पिवळा ओघळ वाळलेला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मधल्या काळ्या भोकावर पेन टेकवलं. "व्हॉट इज धिस?" रात्रभर घोकलेला शब्द नेमका तेव्हाच गायब. तोंडातून निघालं, "बाहुली." बाई हसल्या. बाई हसल्या म्हणून आमच्या ट्यूटरही हसल्या. "भातुकली खेळायला आलीयेस का गं?" खाली मान घालून बाहेर आले. पुढचे सहा महिने हॉस्टेलवर माझं नाव बाहुली.

चार-पाच वर्षांनी, नाइट ड्यूटीला, वॉर्डातल्या कपाटात एक जुना वैद्यकीय शब्दकोश सापडला. सहज 'प्युपिल' काढलं. मूळ लॅटिन शब्द 'प्युपिला', अर्थ: लहान मुलगी, बाहुली! समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून बघा, काळ्या भोकात आपणच दिसतो, नखाएवढे. त्यावरून ते नाव. ग्रीकात त्याच भोकाला 'कोरे' म्हणजे मुलगी म्हणत आणि संस्कृतातली 'कनीनिका'सुद्धा मुलगीच. म्हणजे जो शब्द मी बोलले तोच बाई मला लॅटिनमध्ये विचारत होत्या, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या रात्री दोन वाजता मी एकटीच हसत बसले होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. हे मोठाले शब्द म्हणजे त्या लोकांची घरगुती बोलीच. पॅटेला म्हणजे छोटी थाळी. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. मसल आला 'मस्क्युलस'वरून, म्हणजे लहानसा उंदीर, कातडीखाली पळतोय असं वाटतं म्हणून. आपल्याकडे पोरं दंडाची बेडकुळी काढून दाखवतात. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. कॉक्सिसला ग्रीकांनी कोकिळेचं नाव दिलं, हाड तिच्या चोचीसारखं म्हणून. आपण म्हणतो माकडहाड. यात तर आपलाच शब्द सरस, कारण ते हाड म्हणजे शेपटीचा उरलेला तुकडा.

'लस'चं तर विचारूच नका. व्हॅक्सिनमध्ये गाय आहे ('व्हाका'), कारण जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं 1796 मध्ये माणसांची देवी टाळायला गायीच्या देवीतला द्राव टोचला. मुंबईत 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि तिच्या फोडातला द्राव घेऊन पुढे दुसऱ्या मुलांना. दंडावरून दंडावर. फोडातून पाझरतं त्याला मराठीत म्हणतात लस. इंग्रजीनं गाय लक्षात ठेवली, आपण हातात धरलेली वस्तू.

तर तुम्हाला सांगायचं ते हे: -आयटिस (दाह), -एक्टमी (कापून काढणं), -ऑटमी (छेद देणं), -ऑस्टमी (तोंड पाडणं) असले शब्दांना जोडले जाणारे चाळीसेक तुकडे घोका, त्याला इलाज नाही. बाकी प्रत्येक अवयवापुढे वहीत आजीचा शब्द लिहा. मराठी माध्यमाची लाज बाळगू नका. इंग्रजी माध्यमाच्या मुलीला पॅटेला हा नुसता आवाज असतो, तुमच्याकडे वाटी तरी आहे. आमच्या डोळ्यांच्या ओपीडीत परवा नवीन डॉक्टर एका आजीला म्हणाले, "प्युपिल डायलेट करायचाय." आजींनी पदर तोंडाशी धरला, त्यांना वाटलं ऑपरेशनच. मी ड्रॉप टाकता टाकता सांगितलं, "आजी, बाहुली मोठी करायचीय, चार-पाच तास उजेड टोचेल, मग आपोआप बारीक होईल." आजी निवांत. वाकले तेव्हा त्यांच्या डोळ्यात मीच होते, चष्म्यासकट. आणि हो, पाठ्यपुस्तकातलं 'पारपटल' (कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आजीला ऐकवलं तर तेही डायलेटइतकंच परकं. संस्कृतात घातलं की मराठी झालं, असं नसतं.

आमच्या भाऊजींसारखे लोक म्हणतील, हे सगळं संस्कृतातूनच तिकडे गेलं. नाही गेलं. हृदय आणि ग्रीक 'कार्डिया' चुलत बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. दर दिवाळीला हा वाद होतो, म्हणून इथे लिहून ठेवते.

एक मात्र राहिलं. मुळं फसवतातही. 'आर्टरी' या शब्दामागे हवेची नळी आहे. मेलेल्या माणसाच्या धमन्या रिकाम्या दिसतात, म्हणून जुन्या ग्रीकांना वाटलं त्यांतून हवा खेळते. आपल्या 'धमनी'तही फुंकण्याचाच धातू आहे. मलेरियाचा शब्दार्थ खराब हवा, आणि पसरवतो डास. त्यामुळे नाव लक्षात ठेवायला मूळ वापरा, काम कसं चालतं ते पुस्तकातूनच वाचा.

आणि तोंडी परीक्षेत प्युपिलच म्हणा. मला त्या दिवशी 50 पैकी 21 मिळाले होते, पासिंगला 25 लागायचे.