मुलाला तापात पॅरासिटामॉल वयावरून द्यायचं की वजनावरून?

वजनावरून. एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत 4 ते 6 तासांचं अंतर, 24 तासांत 4 पेक्षा जास्त डोस नकोत.

खरी गफलत बाटलीत होते. एका सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या 250. दहा किलोच्या मुलाला पहिलं 5 मिली चालतं. दुसरं तेवढंच पाजलं की डोस दुपटीवर गेलाच! त्यामुळे लेबल वाचा, आणि घरातला चमचा नको, सिरिंजनेच मोजा. सर्दीच्या औषधातही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, तेही बघा.

ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीच देऊ नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ताप आल्यावर औषध नंतर, आधी डॉक्टर.